मंडळीबाहेर राहिलेल्या माणसांविषयी: कोल्हापुरातील पाळक, वडीलवर्ग आणि सभासदांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांचे आदरणीय पाळक, वडीलवर्ग, डिकन, महिला संघ व तरुण संघांचे पदाधिकारी आणि सर्व सभासद बंधुभगिनी यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

उपवासकाळ सुरू झाला आहे. पुढील काही आठवडे आपल्या मंडळ्यांत पश्चात्ताप व क्षमा या विषयांवर संदेश होतील, पेत्राने प्रभूला नाकारल्याचा उतारा वाचला जाईल, संडे स्कूलची मुले उधळ्या पुत्राचा दाखला नाट्यरूपात सादर करतील आणि उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होईल. हे सर्व योग्यच आहे. परंतु याच मंडळ्यांच्या सभासदपत्रकांत अशी काही नावे आहेत, जी कोणी खोडलेली नाहीत, ज्यांच्याविषयी वडीलमंडळाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या, सभेत कधी ठराव झालेला नाही, आणि तरीही ती माणसे कित्येक महिने किंवा वर्षे उपासनेला आलेली नाहीत. ती का येत नाहीत हे जवळपास सर्वांना ठाऊक असते. त्या माणसांविषयी, आणि आपण त्यांच्याशी ज्या रीतीने वागतो त्याविषयी, हे पत्र आहे.

दारूपायी काम गमावलेला उद्यमनगरातला एखादा कारागीर, कळंब्याच्या कारागृहातून शिक्षा भोगून परतलेला तरुण, महिला संघाच्या पैशांचा हिशेब ज्यांना देता आला नाही अशा एखाद्या भगिनी, वडिलोपार्जित घरावरून सख्ख्या भावावर दावा लावलेला गृहस्थ, नवऱ्याला सोडून मुलासह माहेरी आलेली लेक, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेले जोडपे, अशी ही माणसे आहेत. या यादीतील काहींनी खरोखर अपराध केला आहे आणि काहींनी मुळीच केलेला नाही. रोजच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीला आपण कोणत्या आज्ञेखाली दोषी धरतो, हे मला अद्याप कोणी सांगू शकलेले नाही. मात्र मंडळीच्या पायरीवर या सर्वांना मिळणारी वागणूक बहुधा सारखीच असते. कोणी अपमान करत नाही, कोणी बाहेर जा म्हणत नाही. हस्तांदोलन आखडते होते, शेजारची जागा रिकामी राहते, घरोघरच्या प्रार्थनासभांच्या पाळीतून त्यांचे घर गळते, आणि नाताळच्या गायनाला निघालेली तरुण मंडळी त्यांची गल्ली टाळून पुढे जाते.

आपण याला शिस्त म्हणतो. मंडळीला शिस्त असावी, हे मलाही मान्य आहे. पण पवित्र शास्त्रातील मंडळीच्या शिस्तीला दोन अर्धे आहेत. त्यातला पहिला अर्धा आपण नको इतका चांगला शिकलो आणि दुसरा जवळजवळ सोडून दिला, असे माझे स्पष्ट मत आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने जो क्रम घालून दिला आहे, त्यात पहिली पायरी एकट्याने, एकांतात, समोरासमोर बोलण्याची आहे. त्यानंतर एकदोघे सोबत न्यावयाचे आणि अगदी शेवटी मंडळीला सांगावयाचे. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. गोष्ट प्रथम मंडळीला कळते, मग एकदोघे तिची खातरजमा करतात, आणि ज्याच्याविषयी ती असते त्याच्याशी एकांतात बोलायला कोणीच जात नाही. अलीकडे तर प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप गटावर ‘अमक्या भगिनीच्या घरातील परिस्थितीसाठी विशेष प्रार्थना करावी’ एवढे एक वाक्य टाकले, की दुपारपर्यंत ती परिस्थिती लक्ष्मीपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत पोहोचलेली असते. प्रार्थनेच्या नावाखाली चाललेल्या या कुचाळीला पाळकांनी व्यासपीठावरून नाव घेऊन मनाई करावी, अशी माझी विनंती आहे.

त्याच अध्यायात, जो मंडळीचेही ऐकत नाही त्याला परराष्ट्रीय (यहूदी नसलेला) व जकातदार यांच्यासारखा समजावे, असे सांगितले आहे, आणि ते वचन नेहमी आपल्या तोंडावर असते. जकातदारांशी प्रभू कसे वागले, हे मात्र आपण त्याच्या शेजारी ठेवून वाचत नाही. ज्या शुभवर्तमानात हे वचन आहे ते परंपरेने ज्याच्या नावावर आहे तो मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठवून आणलेला माणूस होता, आणि जक्कय नावाच्या दुसऱ्या जकातदाराच्या घरी प्रभू त्याच्या पश्चात्तापाची वाट न पाहता पाहुणे म्हणून गेले. चौपट परतफेड करण्याचे जक्कयाने कबूल केले, ते प्रभू घरी येतो म्हणाल्यानंतर.

करिंथ येथील मंडळीचे उदाहरण तर आपल्या प्रश्नाला नेमके लागू पडते. पौलाने पहिल्या पत्रात एका गंभीर अपराधाबद्दल तेथील मंडळीला कठोर शब्दांत ठपका दिला आणि त्या माणसाला आपल्यातून दूर करण्यास सांगितले. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र तो लिहितो, की बहुतेकांनी मिळून केलेली शिक्षा त्या माणसाला पुरे झाली आहे, आता त्याला क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर तो अति दुःखाने बुडून जाईल, आणि आपली त्याच्यावर प्रीती आहे याची त्याला खात्री करून द्या. (दोन्ही ठिकाणचा माणूस एकच की निराळा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आपल्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही.) पौलाला इथे दोन धोके दिसतात. शिक्षा न करणे हा एक धोका आहे आणि पुरेशी शिक्षा झाल्यावर थांबता न येणे हा दुसरा. आपल्या वडीलमंडळांच्या इतिवृत्तांत प्रभुभोजनापासून (भाकर व द्राक्षरसाच्या विधीपासून) कोणाला दूर ठेवल्याचे ठराव क्वचित का होईना सापडतील; तो ठराव मागे घेतला, अमुक दिवशी त्या व्यक्तीला पुन्हा मेजावर बोलावले, अशी नोंद किती ठिकाणी सापडेल, हे प्रत्येक सचिवाने स्वतःच पाहावे. आणि ज्यांच्याबाबत ठरावच झालेला नाही, त्यांची शिक्षा संपवणार तरी कोण? बेठराव शिक्षेला मुदत नसते, तिच्यावर दाद मागता येत नाही आणि ती केल्याची जबाबदारी कोणावरच पडत नाही.

आता मी त्या अडचणीकडे येतो जी या पत्राचे मुख्य कारण आहे. याविषयी मी गेल्या काही वर्षांत अनेक वडीलजनांशी बोललो आहे. ‘अशा माणसाकडे जायची इच्छा नाही’ असे सहसा कोणी म्हणत नाही. पुन्हा पुन्हा ऐकू येते ते वेगळेच असते: ‘आम्ही कोणत्या तोंडाने जावे? आमच्या घरी तरी काय वेगळे आहे? माझाच मुलगा दोन वर्षे माझ्याशी बोलत नाही, मी दुसऱ्याला काय सांगणार?’ हे बोलणे प्रामाणिक असते, आणि म्हणूनच ते दांभिकपणाहून अधिक अवघड आहे. दांभिकाला कुसळ आणि मुसळाचे वचन सुनावता येते. ज्याला स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसते आणि तेवढ्यासाठीच जो भावाच्या दारापर्यंत जात नाही, त्याला काय म्हणावे? घरोघरी मातीच्या चुली असतात हे खरे, पण त्या मातीच्या आहेत म्हणून कोणी शेजाऱ्याला जेवायला बोलावायचे थांबवत नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रमुख याजकाविषयी सांगितले आहे, की तो अज्ञानी आणि भटकलेल्या लोकांशी सौम्यतेने वागू शकतो, कारण तो स्वतःही दुर्बलतेने वेढलेला असतो आणि त्याला लोकांसाठी जसे, तसेच स्वतःच्या पापांसाठीही अर्पण करावे लागते. म्हणजे ज्या उणिवेमुळे आपण स्वतःला अपात्र समजतो, तिलाच हे वचन सौम्यतेचे कारण ठरवते. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातही अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने सावरावे अशी आज्ञा आहे आणि लगेच पुढे, तूही मोहात पडू नयेस म्हणून स्वतःकडे लक्ष ठेव, असा इशारा आहे. आधी स्वतःला सुधार आणि मग जा, असे पौल म्हणत नाही. दोन्ही कामे एकाच वेळी करावयाची आहेत.

या बाबतीत मला प्रेषितांपैकी बर्णबाचे चरित्र फार मोलाचे वाटते, आणि आपल्या व्यासपीठांवरून त्याच्यावर इतके थोडे संदेश का होतात हे मला कळत नाही. पौल व बर्णबा यांच्या पहिल्या सुवार्ताफेरीत पंफुल्यातून त्यांचा सोबती योहान मार्क काम अर्धवट टाकून परत फिरला. पुढच्या फेरीच्या वेळी बर्णबाने त्याला पुन्हा सोबत घेण्याचा आग्रह धरला, पौलाने ठाम नकार दिला, आणि प्रेषितांची कृत्ये सांगतात की त्यांच्यात इतका तीव्र वाद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. आता हा बर्णबा निर्दोष होता काय? गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल अंत्युखियाची हकिकत सांगतो: यरुशलेमहून काही माणसे आल्यावर पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला, आणि त्या ढोंगात बर्णबादेखील ओढला गेला. म्हणजे ज्याने डळमळलेल्या मार्काला सावरले, तो स्वतः लोकांच्या भीतीने एका पंक्तीत डळमळलेला माणूस होता. पेत्राचेही तसेच. तिबिर्याच्या समुद्रकिनारी प्रभूने त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारून पुन्हा आपली मेंढरे, म्हणजे आपली माणसे, सोपवली, त्यानंतरची ही अंत्युखियाची चूक आहे. क्षमा मिळालेला माणूस पुन्हा घसरला, त्याला तोंडावर बोलणारा सहकारी मिळाला, आणि तो प्रेषित राहिला. मार्काचे पुढे काय झाले तेही सर्वज्ञात आहे. तुरुंगातून लिहिलेल्या आपल्या शेवटच्या पत्रात पौल तीमथ्याला सांगतो, की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. आणि दुसरे शुभवर्तमान आजवर त्याच मार्काच्या नावाने वाचले जाते. पौलाची माणसाविषयीची पारख चुकली होती आणि त्याने ती बदलली. आपल्या वडीलमंडळांनाही तेवढी मुभा असावी.

आपल्या स्वतःच्या इतिहासातही वेगळे काही नाही. ज्यांच्या नावाचे चर्च या शहरात उभे आहे ते रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठवले होते त्याच्याशी त्यांचे पुढे तीव्र मतभेद झाले, संबंध तुटले, काही वर्षे ते येथे स्वतंत्रपणे काम करत राहिले, आणि नंतर १८७० च्या सुमारास ते काम प्रेसबिटेरियन मिशनच्या छत्राखाली गेले. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर होती, हे इतिहासकार ठरवोत. आपली मंडळी भांडणातून निभावून आलेल्या माणसांनी रोवली, एवढे लक्षात ठेवले तर शतकमहोत्सवी स्मरणिकांतील सोज्ज्वळ पूर्वज आपल्याला थोडे अधिक ओळखीचे वाटतील. आणि कोल्हापूरकर म्हणून आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. ज्या जमातींच्या माणसांना चोर समजून रोज चावडीवर हजेरीला उभे केले जाई, त्यांची हजेरी छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली, आणि फासेपारध्यांना जवळ करून विश्वासाची कामे दिली. त्या लोकांवरचा शिक्का मुळातच अन्यायाचा होता, त्यामुळे ही तुलना पूर्ण जुळत नाही. तरीही, आधी विश्वास टाकावा लागतो आणि पात्रता पुष्कळदा नंतर दिसते, हे या शहराला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नसावी.

दोन आक्षेप मला अपेक्षित आहेत. पहिला असा, की याने पापाला मोकळीक मिळेल आणि तरुण पिढी बेफिकीर होईल. तरुण पिढीविषयी माझा अनुभव वेगळा आहे. चुकलेल्या माणसाशी आपण कसे वागलो हे ती बारकाईने पाहते, आणि स्वतःची वेळ आली की आपल्याकडे न येता कोणाकडे जायचे हे ठरवून ठेवते. पापाला पाप म्हणण्यास माझा विरोध नाही. मात्र ते त्या माणसाच्या समोर, त्याच्या घरात बसून, त्याचा चहा घेऊन म्हणावे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. क्षमेच्या नावाखाली मंडळ्यांत काही गोष्टी दडपल्या जातात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून एखाद्या पदाधिकाऱ्याने केलेला मुलीचा छळ किंवा पैशांचा अपहार घरातल्या घरात मिटवला जातो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच ‘ख्रिस्ती प्रीती दाखवा’ म्हणून गप्प केले जाते. माझ्या विनंतीचा असा अर्थ कोणी काढू नये. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. पाळक आणि वडीलजन याला अपवाद नाहीत. प्रीतीचा पहिला हक्क ज्याला इजा झाली त्याचा आहे. ज्याने पैसे खाल्ले त्याने ते भरून द्यावेत, लेखापरीक्षण सर्वांसमोर वाचले जावे आणि खजिन्याची किल्ली पुन्हा त्याच्या हाती देऊ नये. ज्याने मुलांना इजा केली त्याला मुलांच्या जवळपास कोणतेही काम मिळू नये, मग त्याने कितीही अश्रू ढाळलेले असोत. परंतु पद आणि स्थान या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पद गेले तरी, योग्य ती सावधगिरी बाळगून, त्याच्यासाठी कोणीतरी प्रार्थना करायला जाणे, तुरुंगात भेटीच्या दिवशी जाणे आणि त्याच्या बायकोमुलांना शेजाऱ्यांच्या नजरांपासून एकटे न सोडणे, हे आपले कर्तव्य उरतेच. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात बंदिशाळेतल्या माणसाची भेट घेण्याविषयी प्रभू बोलतात, तेथे तो निरपराध असावा अशी अट नाही.

प्रत्यक्षात काय करता येईल, यावर माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. प्रत्येक वडीलमंडळाने येत्या सभेत सभासदपत्रक समोर ठेवून, अलीकडे न दिसणारी नावे कोणतीही शेरेबाजी न करता वाचावीत आणि एकेका घराची जबाबदारी एकेका वडिलांना किंवा भगिनीला द्यावी. जाणाऱ्याने पहिल्या भेटीत उपदेश करू नये. व्यसनाधीन माणसाच्या घरी गेल्यावर बहुधा वेगळीच गरज पुढे येते: मुलाची फी भरायची असते, सीपीआर रुग्णालयात दाखवायला सोबत हवी असते, न्यायालयाच्या तारखेला बरोबर उभे राहणारे कोणीतरी हवे असते. ते आधी करावे. ज्या मंडळीकडे सभागृह आहे, तिने आठवड्यातून एक संध्याकाळ ते अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या गटाला विनामूल्य द्यावे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ती चळवळ दारू सोडू पाहणाऱ्यांनी दारू सोडू पाहणाऱ्यांना आधार द्यावा या एकाच तत्त्वावर चालते आणि स्वतःच्या दुर्बलतेसह दुसऱ्याकडे जाणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना तेथे शिकता येईल. प्रभुभोजनापासून कोणाला दूर ठेवायचे असेल, तर ते लेखी ठरावाने, त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून आणि पुनर्विचाराची तारीख घालूनच व्हावे. आणि वर्गणी थकली म्हणून दाखला किंवा दफनभूमीतील जागा अडवून धरण्याचे प्रकार, जेथे होत असतील तेथे, तातडीने थांबावेत. मृताच्या नातलगांकडे कबरीच्या वेळी पावती मागणाऱ्या मंडळीच्या प्रीतीवर कोणी का विश्वास ठेवावा?

सभासदांनाही माझे सांगणे आहे, कारण सर्व भार पाळकांवर टाकणे सोपे असते. पुढच्या रविवारी एखादा न दिसणारा चेहरा उपासनेला आला, तर ‘इतके दिवस कुठे होता?’ हा प्रश्न टाळावा. त्याच्या शेजारी बसावे, गीतांचे पुस्तक पुढे करावे आणि उपासनेनंतर त्याला घाईने बाहेर पडू देऊ नये. ज्यांच्या मनात त्या माणसाविषयी रास्त राग आहे, ज्यांचे त्याने खरोखर नुकसान केले आहे, त्यांच्यावर मी कोणतीही सक्ती करत नाही. त्यांना वेळ लागेल आणि तो मंडळीने त्यांना द्यावा.

या पत्राची एक प्रत माझ्या स्वतःच्या मंडळीच्या सचिवांकडे मी दिली असून, हा विषय ईस्टरपूर्वीच्या वडीलमंडळाच्या सभेत चर्चेला घ्यावा अशी लेखी विनंती केली आहे. इतर मंडळ्यांतील ज्या वडीलजनांना ही विनंती योग्य वाटेल, त्यांनी ती आपापल्या सभेपुढे ठेवावी. ज्यांना ती अयोग्य वाटेल, त्यांनी आपली कारणे लिहून कळवल्यास मी ती काळजीपूर्वक वाचेन.

आपला प्रभूमध्ये बंधू,
मंडळीचा एक सभासद
कोल्हापूर